सपकाळे अक्का कामावर रुजू होतात

सपकाळे अक्का आमच्या शेजारी राहायला आल्या, त्याच दिवशी संध्याकाळी बरोबर सात वाजता त्यांनी आमची बेल वाजवली. हातात जाड वही, कानामागे पेन. मला वाटलं, कसली तरी वर्गणी असेल. त्यांनी माझ्या खांद्यावरून घरात एक नजर टाकली आणि विचारलं,

"सगळे आत आहेत का?"

मी गोंधळलो. "हो. म्हणजे बायको भाजीला गेलीय."

"किती वाजता?"

"साडेसहा झाले असतील."

"नोंद घेते," असं म्हणून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या घराची बेल वाजवली.

शैला, म्हणजे माझी बायको, भाजी घेऊन आली तेव्हा मी तिला म्हटलं, "शेजारच्या नव्या बाई जनगणनेच्या आहेत बहुतेक." दुसऱ्या दिवशी सात वाजता पुन्हा बेल वाजली, तिसऱ्या दिवशीही वाजली, तेव्हा कळलं की ही जनगणना नव्हती, हजेरी होती.

अक्कांचं नाव प्रमिला सपकाळे. धुळ्याच्या एका मुलींच्या वसतिगृहात एकतीस वर्षं त्या रेक्टर होत्या. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर जळगावला मेहरूण भागात, आमच्या गल्लीत, त्यांनी दोन खोल्यांचं घर घेतलं. नोकरी सुटली तरी एकतीस वर्षं रोज सात वाजता मुली मोजायची सवय सुटली नव्हती. मुली नाहीत तर नाहीत, गल्ली होती.

सुरुवातीला लोक चिडले. कोपऱ्यावरच्या घरातले पाटील तर एकदा स्पष्टच म्हणाले, "मॅडम, मी कुठं जातो ते मी माझ्या बायकोलासुद्धा सांगत नाही."

अक्का शांतपणे म्हणाल्या, "म्हणूनच त्या मला विचारतात."

पाटील त्यानंतर कधी बोलले नाहीत. सातच्या आत घरी मात्र यायला लागले.

'नोंद घ्यावी' हे त्यांचं पालुपद. शैलाने पोहे दिले तर एक घास खाऊन म्हणायच्या, "मीठ कमी आहे. नोंद घ्यावी." माझा शर्ट दोरीवर उलटा वाळत पडला तरी नोंद घ्यावी. आणि कुठलीही नवी गोष्ट समोर आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "हे नियमात बसतं का?" बसत असलं तर जगातली कुठलीही गोष्ट त्यांना मान्य होती. हे मला फार उशिरा कळलं.

दुसरी अडचण स्वयंपाकाची. अक्कांना एका माणसाचा स्वयंपाक येत नव्हता. म्हणजे हाताला चव होती, पण अंदाज चाळीस मुलींचा होता. एकदा त्यांनी मनापासून प्रयत्न करून 'थोडीशी' खिचडी केली. ती आम्ही चार घरांनी दोन वेळा खाल्ली. वांग्याचं भरीत केलं की गल्लीत कुणाच्याही घरी त्या दिवशी भाजी होत नसे. शैला सुरुवातीला संकोचायची, नंतर तिने सोमवार आणि गुरुवार अक्कांवर सोडून दिले.

मी शाळेत इंग्रजी शिकवतो. त्यामुळे गल्लीत कुणाला इंग्रजीत अर्ज, तक्रार किंवा लग्नपत्रिका करायची असली की माझ्याकडे येतात. अक्का आल्या त्याला दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा दिवाळीत आमची मुलगी पुण्याहून आली होती. फराळाला अक्काही होत्या. बोलता बोलता मुलीने तिच्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगितली. ती मैत्रीण परदेशात फिरते आणि राहते तिथल्या युथ हॉस्टेलमध्ये. पाठीवर पिशवी घेऊन फिरणाऱ्या पोरापोरींसाठीची ती स्वस्तातली राहायची जागा. तिथे रोज चार-पाच तास काम करायचं, चादरी बदलायच्या, नाश्ता करायचा, आलेल्यांची नावं लिहून घ्यायची. त्याच्या बदल्यात खाट आणि जेवण मिळतं.

अक्का चकली हातात धरून ऐकत होत्या. "नावं लिहून घ्यायची?" एवढंच त्यांनी विचारलं.

दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. एका सकाळी मी दाढी करत होतो आणि अक्का फाईल घेऊन आल्या.

"भाऊ, अर्ज लिहायचा आहे. इंग्रजीत."

"कसला?"

"परदेशातल्या हॉस्टेलात कामाचा."

मी हसलो. माझ्या गालाला फेस होता, त्यामुळे त्यांना ते दिसलं नसावं. मग फाईल उघडून त्यांनी सेवापुस्तकाच्या प्रती, निरोप समारंभाचं मानपत्र आणि दोन पासपोर्ट फोटो टेबलावर मांडले, तेव्हा माझं हसू गेलं. मी म्हटलं, "अक्का, तिथं विशीतली पोरं जातात. तुमचं वय साठ."

"हॉस्टेल म्हणजे हॉस्टेलच ना?"

"हो, पण..."

"मग ते मला येतं."

शैलाने मला आत बोलावून दटावलं. म्हणाली, तू नाही म्हटलंस तर त्या दुसऱ्या कुणाकडे जातील आणि फसतील. म्हणून मी अशी माणसं आणि अशी हॉस्टेलं यांची गाठ घालून देणाऱ्या एका संकेतस्थळावर अक्कांचं खातं उघडलं. फोटो लागत होता, हसरा. अक्का अंगणात तुळशीशेजारी उभ्या राहिल्या. वही छातीशी, मान ताठ. "हसा," मी म्हणालो. "हसतेच आहे," त्या म्हणाल्या.

मग प्रश्न होता, 'तुमच्याबद्दल काहीतरी मजेदार सांगा.' अक्कांनी बराच विचार केला आणि सांगितलं, "लिहा. एकतीस वर्षांत एकही मुलगी हरवली नाही."

मी ते तसंच लिहिलं.

आम्ही सतरा ठिकाणी अर्ज केले. पोर्तुगालच्या एका हॉस्टेलचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. फार गोड शब्दांत त्यांनी कळवलं होतं की आम्ही पस्तिशीच्या आतलेच लोक घेतो. अक्कांनी मला उत्तर लिहायला लावलं. 'वयाची अट कोणत्या नियमान्वये आहे ते कळवावे व परिपत्रकाची प्रत मिळावी.' पोर्तुगाल त्यावर गप्प बसलं ते आजतागायत.

स्पेनहून विचारणा आली की पाहुण्यांना संध्याकाळी पब क्रॉलला न्यायला जमेल का. पब क्रॉल म्हणजे काय, हे मलाच आधी शोधावं लागलं. मग मी घसा खाकरून सांगितलं, "अक्का, म्हणजे तिथल्या पाहुण्यांना घेऊन एका दारूच्या दुकानातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, असं फिरायचं."

मला वाटलं, विषय इथे संपला. अक्का बराच वेळ छताकडे पाहत होत्या.

"आणि परत मोजून आणायचं?"

"हो, तसंच असेल."

"मोजून आणायचं काम मला जमेल. लिहा, पिणार नाही, पण मोजून आणेन."

मी लिहिलं. स्पेनही गप्प बसलं.

महिना-दीड महिना असा गेला. एक दिवस नेपाळहून, पोखऱ्याहून, तीन ओळींचं उत्तर आलं. मीना नावाची कुणी तरुण बाई तळ्याकाठी हॉस्टेल चालवत होती. तिने लिहिलं होतं, 'वयाचं काही नाही. पहाटे उठता येतं का? आणि रागावता येतं का? माझं इथे कुणी ऐकत नाही.'

मी भाषांतर करून सांगितलं. अक्कांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे आलं, ते मी आधी पाहिलं नव्हतं. त्या फोटोत जे यायला हवं होतं ते तेच होतं.

नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रावर जाता येतं, हे कळल्यावर अक्कांनी लगेच गोरखपूरच्या गाडीचं आरक्षण केलं. गल्लीत बातमी पसरली. अक्का बौद्ध. नेपाळ म्हटल्यावर सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं की त्या लुंबिनीला चालल्या. विहारात त्यांचा सत्कार ठेवला. पांढरी फुलं, पांढरं वस्त्र, दोन भाषणं झाली. एका वयस्कर गृहस्थांनी तर डोळे पुसत सांगितलं की सगळं आयुष्य समाजाच्या लेकींसाठी घालवल्यावर तथागतांच्या जन्मस्थानी जाण्याचं भाग्य थोड्यांना लाभतं.

अक्का बोलायला उभ्या राहिल्या. "आभारी आहे. लुंबिनीला रजा मिळाली की जाईन. आधी कामावर रुजू व्हायचं आहे."

विहारात कुणालाच काही कळेना. मग कुणीतरी मला विचारलं. मी खालच्या आवाजात हॉस्टेलचं सांगितलं. पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत ते जाईपर्यंत त्याचं काय काय झालं कोण जाणे, पण मागची एक बाई तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने एरंडोलकडून अक्कांचे धाकटे भाऊ आले. त्यांना सगळे नाना म्हणतात. नाना गावी शेती करतात आणि अहिराणी सोडून दुसरं काही बोलत नाहीत. आमच्या ओट्यावरच बसले. चहा घेतला नाही.

"अक्का, तुन्हं डोकं ठिकानावर शे ना?"

"शे," अक्का म्हणाल्या. एरवी त्या शुद्ध सरकारी मराठी बोलत. नानांशी बोलताना मात्र आवाजच बदलायचा.

"साठ वरीसनी व्हयनी तू. परदेशमा जाईसन लोकेसन्या चादरी धुशी? आठे तुले काय कमी शे?"

अक्कांनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"पगार तरी शे का?"

"नही. खाट आनी जेवन."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. जणू त्यांच्या बहिणीला मी गुंगीचं औषध दिलं होतं. मग ते हताश होऊन म्हणाले, "गावमा बठ्ठा लोके इचारी ऱ्हायनात. मी काय सांगू त्यास्ले?"

"सांगी दे, बहीन कामले गयी."

नानांनी गावी जाऊन सांगितलं की बहीण विपश्यनेला गेली. आणि शिबिर किती दिवसांचं आहे असं कुणी विचारलं की ते उठून बैलांना पाणी दाखवायला जायचे.

मी अक्कांना स्टेशनवर सोडायला गेलो. एक लोखंडी पेटी, एक वळकटी आणि पिशवीत दोन किलो दादर. ज्वारी तिकडे मिळेल न मिळेल म्हणून. गाडी हलली तेव्हा मी म्हटलं, "जमलं नाही तर लगेच परत या, अक्का. लाजू नका." त्यांनी खिडकीतून माझ्याकडे असं पाहिलं, जसं पहिल्यांदाच वसतिगृहात आलेल्या रडव्या मुलीकडे पाहत असतील. "पोचल्यावर कळवते. घरी जा," म्हणाल्या.

पोचल्याचा दोन शब्दांचा निरोप आला. नंतर सहा दिवस काही नाही. सातव्या दिवशी दुपारी फोन आला. आवाज इतका बारीक की मला वाटलं त्या आजारी आहेत.

"भाऊ, इथं मुलं आणि मुली एकाच खोलीत झोपतात."

मी वर्गाबाहेर येऊन उभा राहिलो. ही गोष्ट आपण त्यांना आधी सांगायला हवी होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. खरं म्हणजे मलाही माहीत नव्हती.

"एकाच खोलीत म्हणजे?"

"सहा खाटा. एकावर एक. परवा चार मुलगे आणि दोन मुली होत्या. नवरा-बायको कुणी नाही. मी विचारलं."

"विचारलंत?"

"एकेकाला."

मी डोळे मिटले. त्या सहा जणांची काय अवस्था झाली असेल, ते डोळ्यांसमोर आलं. "मग अक्का, परतीचं तिकीट काढू का?"

"कशाला? मी मीनाला नियम दाखव म्हणाले. तिने भिंतीवरचा बोर्ड दाखवला. लिहिलेलं आहे. मिक्स डॉर्म. आणि भाऊ, गडबड काही नाही हो. थकून येतात आणि पाय धुवून झोपतात. आमच्या धुळ्याच्या मुलींनी डोकं उठवलं असतं."

बाकीची हकिगत पुढे मीनाकडून समजली. रुजू झाल्याच्या पहिल्याच संध्याकाळी अक्कांनी बरोबर सात वाजता फाटकाला कुलूप लावलं होतं. अकरा पाहुणे बाहेर अडकले. त्यातला एक उंच डच मुलगा भिंत चढून आत आला, तर अक्का भिंतीखाली उभ्याच होत्या. त्यांनी त्याचा कान धरला. तो साडेसहा फुटांचा असल्यामुळे त्याला त्यासाठी वाकावं लागलं, आणि तो वाकला. मीना म्हणते, तिथेच मला कळलं, ह्या बाईला सोडायचं नाही.

मग तह झाला. फाटक उघडं राहील. पण बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाने अक्कांच्या वहीत लिहायचं, कुठे जातो आणि कधी येतो. अक्कांचं इंग्रजी चार शब्दांचं, 'व्हेअर गोइंग, कम व्हेन.' जगातल्या कुठल्याही देशाच्या माणसाला ते समजायचं. आमच्या मुलीने पुण्याहून त्या हॉस्टेलबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते वाचून आम्हाला पाठवलं. एकाने लिहिलं होतं, 'जागा स्वच्छ, नाश्ता भरपूर. एक भारतीय आजी कुठे चाललात ते विचारतात. त्यांच्याशी खोटं बोलू नका, मी बोललो होतो.'

पावसाळा संपल्यावर पोलंडचा एक मुलगा 'समोरच्या टेकडीवर, चार वाजता परत' असं लिहून गेला. सव्वाचारला अक्का फाटकात उभ्या. साडेचारला त्यांनी मीनाला दुपारच्या झोपेतून उठवलं. मीना म्हणाली, अक्का, अर्ध्या तासाने काय होतं, येईल. अक्का म्हणाल्या, "चार म्हणजे चार." पाच वाजता त्या स्वतःच चप्पल घालून टेकडीकडे चालायला लागल्या. मग नाइलाजाने मीना आणि आणखी तिघे मागे निघाले. पोरगा पायवाटेच्या खाली खडकात पाय मोडून पडला होता आणि फोनला रेंज नव्हती. त्याला झोळीत घालून अंधार पडता पडता खाली आणलं. मीना सांगत होती, रस्ताभर अक्का त्याच्या शेजारून चालत मराठीत त्याला रागावत होत्या आणि तो त्यांचा हात धरून रडत होता. दवाखान्याच्या दारात त्यांनी वही काढून त्याच्या नावासमोर वेळ लिहिली.

मे महिन्याच्या सुट्टीत शैला आणि मी पोखऱ्याला गेलो. तोवर अक्कांना जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. बसस्थानकावर त्या घ्यायला आल्या तेव्हा आम्ही दोघं त्यांच्या समोरून पुढे गेलो. नऊवारी काठाची साडी, पायात बूट आणि वर टोपीचं जाड जॅकेट, कुणीतरी हॉस्टेलात विसरून गेलेलं. पाठीवर इंग्रजीत काय लिहिलंय ते मी वाचलं आणि शैलाला सांगितलं नाही.

"उशीर झाला तुम्हाला," अक्का म्हणाल्या. "दोन तास."

हॉस्टेलात पोचलो तर हातभर गोंदवून घेतलेला एक दाढीवाला मुलगा ओट्यावर बसून लसूण सोलत होता. अक्कांना पाहून तो उठून उभा राहिला. चुलीवर वांगी भाजलेली होती. "इथली वांगी जांभळी आहेत, आपल्या हिरव्या वांग्यांसारखा दम नाही त्यांच्यात," अक्का कुरकुरत म्हणाल्या. पण पातेलं पाहून मला बरं वाटलं. शेवटी एकदा त्यांना मापाची माणसं मिळाली होती.

जेवण झाल्यावर शैलाने विचारलं, "अक्का, तुमची खोली कुठली?"

त्यांनी आम्हाला दोन नंबरच्या खोलीत नेलं. एकावर एक अशा सहा खाटा. एका खाटेवर कुणाची तरी पिशवी उलटी करून पसरलेली, दुसऱ्या खाटेच्या कठड्यावर ओले मोजे. दाराजवळच्या खालच्या खाटेखाली ती ओळखीची लोखंडी पेटी होती.

शैला एकदा पेटीकडे आणि एकदा त्या मोज्यांकडे पाहत राहिली. मोजे पुरुषाचे होते. "इथं? या सगळ्यांत?"

"हो."

मी रागाने मीनाकडे गेलो. साठीच्या बाईला तुम्ही असं पोराटोरांत झोपवता, असं मी तिला हिंदीत सुनावलं. मीना शांतपणे ऐकून घेत होती. मग म्हणाली, "भैया, गच्चीशेजारी त्यांच्यासाठी वेगळी खोली केलीय. बाथरूम आहे, खिडकीतून तळं दिसतं. चार दिवस राहिल्या आणि पेटी घेऊन खाली आल्या. तुम्हीच विचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गच्चीवर चहा घेत होतो. ढग नव्हते, बर्फाचा डोंगर समोर उघडा पडला होता. अक्का त्याच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. त्यांचं लक्ष फाटकाकडे होतं. मी विचारलं.

"एकटीला झोप येत नाही," त्या म्हणाल्या. जणू गुडघा दुखतो म्हणून सांगत होत्या.

मग हळूहळू बोलल्या. नऊ वर्षांच्या होत्या तेव्हा वडिलांनी शिक्षणासाठी धुळ्याच्या वसतिगृहात ठेवलं. एका लांब हॉलमध्ये चाळीस मुली, सतरंजीला सतरंजी लागलेली. पहिला आठवडा रडून काढला, मग सवय झाली. पुढे कॉलेजचं वसतिगृह. मग नोकरीही तीच. रेक्टरला स्वतंत्र खोली होती, पण ती हॉलला लागून. अक्कांनी एकतीस वर्षांत मधलं दार कधी लावलं नाही. नऊ वर्षांच्या असल्यापासून निवृत्त होईपर्यंत शेजारी कुणाचाच श्वास नाही, अशी एक रात्र गेली नव्हती.

"मेहरूणला घर घेतलं तेव्हा फार आनंद झाला होता. आपलं घर. पहिल्या दिवशी दार लावून आत वळले आणि लक्षात आलं, आता मोजायला मीच एक." त्यांनी चहाचा घोट घेतला. "दिवसा काही नाही. तुम्ही सगळे होतात. पण रात्री ते घर फार शांत होतं हो, भाऊ."

शैलाने विचारलं, "मग दोन वर्षं कशी काढलीत?"

अक्का पहिल्यांदाच जराशा अवघडल्या. कपाची कड पदराने पुसली.

"तुमची खाट आपल्या मधल्या भिंतीला लागून आहे ना?"

"हो," मी म्हणालो.

"तुम्ही घोरता."

शैला हसली. पंचवीस वर्षं ती हेच सांगत आलीय आणि मी नाकारत आलोय.

"मोठ्यांदा घोरता," अक्का म्हणाल्या. "मी माझी खाट सरकवून त्याच भिंतीला लावली होती. भिंतीकडे कान करून पडलं की तुमचं ऐकू यायचं. मग झोप लागायची. त्या दिवाळीनंतर तुम्ही मुलीकडे पुण्याला गेलात, नऊ दिवस. मी नऊ दिवस पलंगावर बसून होते. तुम्ही आलात, त्या रात्री झोपले आणि सकाळी उठून अर्जाची फाईल केली. म्हटलं, दुसऱ्याच्या घोरण्यावर किती दिवस काढायचे. नियमात बसत नाही."

शैलाचं हसू केव्हाच थांबलं होतं. मी एवढंच म्हणालो, "अक्का, परत चला. आमच्याकडेच राहा. मुलीची खोली रिकामी आहे."

शैला लगेच म्हणाली, "खरंच चला."

त्यांनी आमच्या दोघांकडे पाहिलं. नाही म्हणताना माणसं डोळे चुकवतात, तसे त्यांनी चुकवले नाहीत.

"तुमच्याकडे मी पाहुणी. पाहुणीला कुणी उठवत नाही, झोपू द्या म्हणतात. इथं सकाळी सहाला कुणीतरी हलवून उठवतं, अक्का, गरम पाणी येत नाही. मला ते बरं वाटतं."

"अक्का," जिन्यातून कुणीतरी हाक मारली. तो कालचा लसूण सोलणारा मुलगा होता. कमरेला टॉवेल, डोक्यावर साबणाचा फेस. पुढे तो काय म्हणाला ते आम्हाला कळलं नाही, अक्कांना कळलं. त्या गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या आणि जिना उतरत त्याच्याशी मराठीत बोलायला लागल्या, की गिझरचा दिवा लाल असताना नळ सोडायचा नसतो, किती वेळा सांगायचं.

शैला आणि मी गच्चीवर बसून राहिलो. त्यांचा कप अर्धा तसाच होता.

"चार इंची भिंत," शैला म्हणाली. "दोन वर्षं. आणि आपण त्यांचं भरीत खात होतो."